गोंड्याला दोन माना हव्यात

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या साड्यांच्या पदराला गोंडे करून देतात आणि येत्या शिमग्यासाठी गावच्या पालखीचे गोंडेही त्यांच्याकडे आलेत. तक्रारी तीन आहेत. चकचकीत रेशमी रिळाचे गोंडे पावसाळ्यात सैल पडतात आणि एकेक धागा निसटून हातात येतो. लाल गोंड्याचा रंग एका क्रीम साडीच्या पदरावर उतरला. आणि पालखीला मागच्या वर्षी लावलेले विकतचे गोंडे नाचवताना गळून पडले. कोणता धागा घेऊ, एवढंच त्यांनी विचारलंय.

ताई, धाग्याचं सांगतेच, पण तुमच्या तीन तक्रारींतल्या दोन धाग्याच्या नाहीत, बांधणीच्या आहेत. उद्या तुम्ही दुप्पट किमतीचा धागा आणलात आणि बांधणी तीच ठेवलीत, तर दुप्पट किमतीचे गोंडे गळतील.

गोंड्याचे तीन भाग धरा. वरचं डोकं, त्याखाली आवळलेली मान आणि खाली सुटा झुपका. डोक्यातून एक दोरा गेलेला असतो, त्यावर गोंडा लटकतो. झुपक्यातला प्रत्येक धागा या लटकत्या दोऱ्यावरून दुमडून खाली आलेला असतो. म्हणजे धाग्याचं एक टोक ओढलं तर तो दोऱ्यावरून सरकून दुसऱ्या बाजूने बाहेर यायला मोकळाच आहे. त्याला धरून ठेवते ती फक्त मान. म्हणून एकेक धागा निसटत असेल तर मान सैल आहे, आणि अख्खा गोंडाच गळून पडत असेल तर लटकता दोरा कच्चा आहे. साडीचं दुखणं पहिलं, पालखीचं दुसरं. दोन्हींचा इलाज वेगळा.

आता मान सैल का पडते ते बघू. बाजारात ‘सिल्क थ्रेड’ म्हणून जी चमकदार रिळं मिळतात, बांगड्या-झुमके करणाऱ्या मुली जी वापरतात, ती बहुतेक व्हिस्कोस रेयॉनची असतात. रेशमाशी त्यांचा संबंध चमकेपुरता. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून होतो आणि पाणी फार पितो. साधारण हवेत, म्हणजे 65 टक्के आर्द्रतेला, सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, रेशीम 11 टक्के, व्हिस्कोस 11 ते 13. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. हे साध्या हवेचं झालं. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता कित्येक दिवस नव्वदीच्या आसपास असते, रत्नागिरीत वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपाटातला पापड मऊ होतो तिथे व्हिस्कोसची काय कथा! ओलाव्याने हा धागा फुगतो आणि ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मानेलाही तोच धागा गुंडाळलेला असेल तर आतला झुपका फुगून मानेला बाहेर ढकलतो, ओली मान ताणली जाते आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की झुपका परत बारीक होतो. मान मात्र ताणलेलीच राहते. आपण म्हणतो गोंडा जुना झाला. जुना कसला, दोन महिन्यांचा असतो.

म्हणून मी गोंड्याला दोन माना बांधते. आतली मान कामाची, बाहेरची दिसण्याची.

आतल्या मानेला साधा पॉलिएस्टरचा शिलाई दोरा दुपदरी घ्या, किंवा मर्सराइज्ड (सोड्यातून काढून चमक-ताकद आणलेला) सुती. व्हिस्कोस नको. दोऱ्याला मधमाश्यांच्या मेणाचा हात द्या, म्हणजे मेणाच्या वडीवरून दोरा दोनदा ओढून घ्या. मेणामुळे दोरा दोऱ्याला धरतो आणि गाठ मारेपर्यंत वेढे उसवत नाहीत. मेणबत्तीचं मेण चालेल का, असं सगळ्या विचारतात. अडीअडचणीला चालतं, पण ते कोरडं, भुगा होणारं, पकड तेवढी नाही. आतल्या मानेला वेढे कमी द्या, पाच-सहा पुरेत, पण प्रत्येक वेढा हाताला लागेल इतका ओढून. पहिल्या वेढ्यानंतरच एक गाठ मारून टाका आणि मग पुढचे वेढे घ्या. वेढे सगळे झाल्यावर सुई मानेतून आरपार दोनदा काढा, झुपक्याच्या मधून. ही शिवण बहुतेक जणी गाळतात आणि मधले धागे नेमके तिथूनच सुटतात, कारण मान बाहेरच्या धाग्यांना जितकी आवळते तितकी गाभ्यातल्या धाग्यांना आवळत नाही.

मग बाहेरची मान. इथे तुमचा चमकदार धागा, जर, हवं ते वापरा, कारण हिच्यावर भार नाही. पण बांधायची पद्धत पक्की हवी, नुसतं गुंडाळून शेवटी गोंद लावायचा नाही. पद्धत तुमच्या गावातल्या कुठल्याही होडीवर बघायला मिळेल. दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून खलाशी त्यावर बारीक दोऱ्याचे वेढे देतात, तीच ही बांधणी. धाग्याचा लांबट फास करून तो मानेवर उभा ठेवा, फासाचं गोल टोक खाली झुपक्याकडे आणि मोकळं टोक वर. आता लांब धाग्याने वरून खाली, फासाला पोटात घेत, वेढ्याला वेढा चिकटवत जा. आठ-दहा वेढे झाले की हातातलं टोक खाली राहिलेल्या गोल फासातून घाला आणि वरचं मोकळं टोक ओढा. फास खालच्या टोकाला घेऊन वेढ्यांच्या पोटात शिरतो. अर्ध्या वाटेवर थांबा, फास पूर्ण वर ओढून काढलात तर सगळं सुटेल. दोन्ही टोकं वेढ्यांशी सपाट कापा. गाठ कुठेच दिसत नाही आणि गोंदाचा थेंब लागत नाही.

गोंदाबद्दल माझं मत पक्कं आहे: गोंड्यात गोंद नकोच. पांढरा गोंद दमट हवेत मऊ पडतो, सुकला की कडक होऊन धाग्याचा रंग गडद दाखवतो. हॉट ग्लूच्या कांडीचा गोंद उन्हात ठेवलेल्या गाडीत सैल होतो. लग्नाची साडी गाडीतूनच जाते.

धागा. हात बसेपर्यंत सहापदरी भरतकामाच्या लडीवर सराव करा. आठ मीटरची लडी येते, हिशेब सोपा. दोन इंची, म्हणजे पाच सेंटिमीटरचा गोंडा हवा असेल तर पाच सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायचं. एका फेऱ्याला दहा सेंटिमीटर धागा, चाळीस फेऱ्यांना चार मीटर, एका लडीत दोन गोंडे. पुठ्ठा एक-दोन मिलिमीटर जास्त रुंद घ्या, खालची कात्रण त्यात निघून जाते, मात्र एका लडीत दोन बसवायला फेरे एक-दोन कमी घ्या. हा सुती धागा मर्सराइज्ड असतो, म्हणजे ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेला. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1844 मध्ये सोड्याचा परिणाम शोधला, ताण देऊन चमक आणायची युक्ती लोव नावाच्या दुसऱ्या इंग्रजाची, 1890च्या सुमाराची. त्या प्रक्रियेमुळे सुताला चमकही येते आणि ताकदही. कोकणात रोज वापरायच्या वस्तूंना, पडदे, पिशव्या, किल्ल्या, उशांचे कोपरे, मी हाच धागा देते. व्हिस्कोससारखा लखलखत नाही, पण ओला झाला म्हणून कच्चा पडत नाही. सुती धागा ओला असताना उलट थोडा जास्त बळकट असतो.

साडीसाठी मात्र लोकांना ती लखलख हवीच असते, तिथे व्हिस्कोस घ्या आणि माना दोन बांधा. खरं रेशीम मिळालं आणि गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असेल तर उत्तम. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि काळी गोळी होते, ती बोटांत चुरडली जाते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो चुरडत नाही. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर भाजतो, म्हणून हे पाण्याच्या वाटीशेजारी करा.

मोठ्या प्रमाणात माल लागला तर मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. पण रंग जुळवायचा असेल तर साडीचा किंवा पदराचा फोटो नको, प्रत्यक्ष साडीच न्या. फोनवर अंजिरी आणि वांगी एकच दिसतात.

जरीचं बघा. खरी जर चांदीच्या चपट्या तारेची, सोन्याचा मुलामा दिलेली. टेस्टेड जरीत तांब्याची तार असते. आणि तिसरी प्लास्टिकची, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तांब्याची जर सगळ्यात आधी काळवंडते, कधी हिरवटही होते. गोंड्यापुरतं बोलायचं तर मी बिनदिक्कत प्लास्टिकची जर वापरते. शुद्ध जरीच्या साडीला प्लास्टिकची जर शोभत नाही असं म्हणणाऱ्या बायका आहेत, त्यांचं चूक नाही, पण दोन पावसाळ्यांनंतर त्याच साडीचे तांब्याचे गोंडे शेजारी ठेवून बघावेत.

रंगाची तक्रार. लाल, मरून, गडद हिरवा, काळा आणि राणी रंग, या पाचांवर कधीही विश्वास ठेवू नका, लेबलावर ‘पक्का रंग’ लिहिलं असलं तरी. गोंडा बांधायच्या आधी वीतभर धागा पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळून वर इस्त्री ठेवा. रुमालाला डाग आला तर ती लडी थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून काढा आणि सावलीत वाळवा. तरीही उतरत असेल तर ती फिकट साडीला लावायची नाही, संपलं. मीठ घाला, व्हिनेगर घाला हे सल्ले ऐकाल. सूत रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात ते रंग धाग्यात शिरावा म्हणून, आणि आम्ल लागतं ते रेशीम-लोकरीच्या काही रंगांना, तेही रंगवतानाच. तयार रिळाचा कच्चा रंग घरच्या मिठाने पक्का होत नाही. तुमच्या क्रीम साडीवर बहुधा घामाने किंवा इस्त्रीच्या वाफेने रंग उतरला असेल. गोंडे उसवा आणि साडी ड्रायक्लीनवाल्याकडे द्या. घरी घासू नका, रेशमाचं अंग निघतं.

यावरून साडीला गोंडे लावायच्या पद्धतीकडे येते. साडी हातमागाची असेल आणि पदराच्या दशा, म्हणजे टोकाला सुटे राहिलेले साडीचेच धागे, मोकळ्या असतील तर त्या दशांचेच गोंडे वळणं सगळ्यात चांगलं. धागा साडीचाच, रंगाची भीती नाही आणि वजन नाही. पैठणीच्या दशा कापून वर विकतचे गोंडे लावायला सांगणारी बाई आली तर तिला दोनदा विचारा, कापलेल्या दशा परत येत नाहीत. पिको केलेल्या पदराला वेगळे गोंडे शिवावे लागतात. इथे मी गोंडे पदरावर थेट शिवत नाही. साडीच्या रंगाची बोटभर रुंद पट्टी किंवा फीत घेते, तिच्यावर गोंडे पक्के करते आणि ती पट्टी पदराच्या उलट्या बाजूने धावदोऱ्याने टाचते. साडी धुवायला द्यायची वेळ आली की धावदोरा ओढला, पट्टी बाहेर. भार एका जागी न येता पदरभर वाटला जातो, त्यामुळे मऊ रेशमी पदराला टाक्याजवळ भोकं पडत नाहीत. गिऱ्हाइकाला हे आधी समजावून सांगा, नाहीतर ‘पट्टी कशाला दिसतेय’ म्हणून फोन येतो.

पदराची रुंदी 46 इंच धरली आणि दीड इंचावर एक गोंडा लावला तर 31 गोंडे लागतात. एक-एक इंचावर लावले तर 47. अंतर कमी केलं की भरगच्च दिसतं हे खरं, पण वजन आणि दाम दीडपट होतात. बारीक व्हिस्कोसचे अडीच इंची पुठ्ठ्यावर शंभर फेरे घेतले तर एका गोंड्याला जवळपास पावणेतेरा मीटर धागा जातो. 31 गोंड्यांना 400 मीटरच्या आसपास, वर मानेचा वेगळा. रिळावर किती मीटर आहे ते वाचून मगच रिळं घ्या आणि एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या. पुढच्या आठवड्यात आणलेलं रीळ त्याच नंबरचं असलं तरी छटा हललेली असते. फेरे घेताना तोंडाने मोजत बसू नका, दहा-दहाच्या गटाला पुठ्ठ्यावर पेन्सिलची रेघ मारा. शेजारीण बोलायला आली की आकडा विसरतो.

गुंडाळताना ताण सारखा ठेवा. व्हिस्कोस पुठ्ठ्यावर जोरात ओढून गुंडाळलात तर काढल्यावर तो आखडतो आणि कडेच्या घड्या झुपक्यात वाकड्या दिसतात. कापून झाल्यावर किटलीच्या वाफेवर झुपका धरून रुंद फणीने विंचरा, सरळ होतो. वाफ मानेला लागू देऊ नका. आणि वाफ दिल्या दिल्या कात्री लावू नका. पूर्ण सुकू द्या, मग झुपक्याभोवती कागदाची घट्ट सुरळी गुंडाळा, हवी ती लांबी कागदात आणि वाढीव टोकं बाहेर, आणि कागदाच्या कडेने एका दमात कापा. कात्री कपड्याचीच, धारेची. किराणा मालाच्या पिशव्या कापलेली कात्री धागे चावते.

आता पालखी. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात जवळचा भाग हा, म्हणून जरा लांबण लावते.

शिमग्यातली पालखी मिरवणुकीतल्या रथासारखी सावकाश चालत नाही. रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागली, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, आली की ती खांद्यावर नाचते, उडते, फिरते. दांड्याच्या टोकाचा गोंडा प्रत्येक झोक्याला चाबकासारखा फटका खातो. सजावटीचा विकतचा गोंडा या कामासाठी केलेलाच नसतो. त्याचा लटकता दोरा डोक्यातून नुसता जाऊन वर गाठलेला असतो, आणि तो दोराही त्याच चमकदार व्हिस्कोसचा. त्यात खांदेकऱ्यांचा घाम आणि ओवाळताना शिंपडलेलं पाणी. ओल्या व्हिस्कोसचं बळ निम्मं होतं हे वर आलंच. गोंडे गळले यात नवल नाही.

पालखीच्या गोंड्याला लटकता दोरा नायलॉनचा घ्या. बाजारपेठेत जाळ्यांचं सामान मिळतं तिथे जाळं विणायची नायलॉनची दोरी मिळते, मध्यम जाडीची. तुमच्याकडे बंदर जवळ आहे, ही सोय पुण्या-मुंबईच्या बाईला नाही. या दोरीचा दुपदरी फास करा आणि फासाची दोन्ही टोकं एका लाकडी मण्यातून खाली काढून मण्याखाली एकत्र गाठवा. नायलॉन गुळगुळीत असतं, साधी गाठ सरकते, म्हणून तीन वेळा गाठ आणि टोकं उदबत्तीने वितळवून बोंड करून टाका. मणी सुपारीएवढा. आता लोकरीचे फेरे घेऊन काढलेला झुपका मध्यावर या दोरीला, मण्याच्या वर, घट्ट बांधा आणि सगळे धागे मण्यावरून चौफेर खाली पसरवा. मणी झाकला जातो आणि डोकं गोल, भरीव दिसतं. मण्याच्या लगेच खाली आतली मान. ही मान नायलॉनच्या बारीक दोऱ्याची, आणि सुईची शिवण इथे चार वेळा. आता लटकत्या दोरीला ओढ बसली की मणी वर जाऊ बघतो, मण्याच्या वरची बांधणी त्याला अडवते आणि मान धाग्यांना खालून धरून असते. गोंडा गळायचा तर आधी मणी फुटावा लागेल.

वरून लाल-भगवी वळलेली दोरी दिसायला हवी असेल तर नायलॉनवरूनच ती गुंडाळा, आतली नायलॉनची दोरी काढून टाकू नका. दोरी वळताना लांबीच्या तिप्पट धागा धरा. धागे एका बाजूला पीळ खाईपर्यंत वळायचे, मध्यावर दुमडायचे आणि सोडायचे, ते आपोआप उलट्या दिशेने एकमेकांवर वळतात. दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो. घरात कोणी नसेल तर खिडकीचा गज.

लोकर ॲक्रिलिकची घ्या, खऱ्या मेंढीच्या लोकरीचा आग्रह नको. ॲक्रिलिक दोन टक्क्यांच्या आसपासच ओलावा धरतं, त्याला बुरशी सहसा येत नाही, कसर लागत नाही, वर्षभर देवळाच्या पेटीत राहायला तेच बरं. दोष एकच आणि मोठा आहे: ते आगीजवळ वितळतं आणि जळता थेंब खाली पडतो. होमाजवळ, दिवट्यांजवळ, समईच्या वर लटकणारा कुठलाही गोंडा सुती करा. पालखी होळीभोवती फिरते तेव्हा दांड्याचे गोंडे किती लांब लोंबतात ते गावकऱ्यांना विचारून लांबी ठरवा. मी नऊ इंचांच्या वर जात नाही. लांब गोंडा फोटोत छान, पण तो खांदेकऱ्याच्या तोंडावर येतो आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी कापून टाकलेला असतो.

रंग देवस्थानाकडून विचारून घ्या, काही ठिकाणी मानाचे रंग ठरलेले असतात. गुलाल लोकरीत कायमचा बसतो, त्यामुळे पांढरा आणि पिवळा टाळावा असं माझं मत. गावकरी पिवळाच मागत असतील तर पिवळाच द्या.

मुंडावळ्या, करगोटे, ठुशीच्या मागचा रेशमी गोफ, ही कामं आपल्याकडे पटवेकऱ्यांची, म्हणजे दागिने धाग्यात गाठवणाऱ्यांची. दागिना गाठवणं हे वेगळं शास्त्र आहे, तिथे धागा सोन्याच्या कडीवर घासतो आणि सरकगाठ लागते. गोंडे करता येतात म्हणून ते काम अंगावर घेऊ नका. ठुशी निसटून हरवली तर कोण भरून देणार? जवळ पटवेकरी असेल तर त्याच्या शेजारी बसून बघा मात्र. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून तो दोन्ही हात मोकळे ठेवतो, ते बघण्यासारखं असतं आणि मान बांधताना उपयोगी पडतं.

गणपतीच्या मखराचे गोंडे हा सोपा धंदा आहे. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून कापडाच्या आणि धाग्याच्या आराशीची विचारणा माझ्याकडे तरी वाढली. इथे ताकदीचा प्रश्न नाही, हलके सुती गोंडे करा, एकच मान चालेल. विसर्जनाला निघण्यापूर्वी गोंडे काढून ठेवायला सांगा. पाटाला लावलेले गोंडे लोक विसरतात आणि पॉलिएस्टर-जर समुद्रात जाते. चतुर्थीचा माल आषाढाच्या आत करून ठेवा. श्रावणात केलेला गोंडा सुकतच नाही.

साठवण. खळ अजिबात देऊ नका. झुपका ताठ राहावा म्हणून खळीत बुडवलेला गोंडा आपल्या पावसात बुरशीला आणि कसरीला आमंत्रण आहे, दोघांनाही पिष्ट आवडतं. धागा स्वच्छ आणि कोरडा असेल तर प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि डबा बंद करायचा तो पावसाळ्याआधीच, एखाद्या कोरड्या दुपारी. पावसात ओलसर गोंडे घट्ट डब्यात कोंडले तर ओलावाही आत कोंडला जातो. सिलिका जेलच्या पुड्या उन्हात किंवा मंद तव्यावर तापवून परत वापरता येतात, निळे दाणे असतील तर ओलावा पिऊन गुलाबी होतात ते दिसतं. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

सुयांचं वेगळं सांगते, कारण पांढऱ्या गोंड्यावरचे तांबूस ठिपके बऱ्याचदा धाग्याचे नसतात, सुईच्या गंजाचे असतात. खाऱ्या हवेत सुई चार दिवसांत खरखरीत होते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावलेल्या लोकरी तुकड्यात सुया टोचून ठेवा, वापरण्याआधी जुन्या कापडावर पुसा. गंजाचा डाग पडलाच तर सुती धाग्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. रंगीत धाग्यावर हा प्रयोग करू नका. सजावटीचे मणी घेताना लोखंडी किंवा मुलाम्याचे नकोत, काचेचे किंवा लाकडी घ्या. साडीवरचा गंज काढून देणारा सहजासहजी मिळत नाही.

दाम किती सांगू, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पालखीचं काम घेतलंत म्हणून सांगते. देवाचं काम म्हणून पैसे मागायला संकोच वाटतो, तो मजुरीत दाखवा, सामानात नाही. एक गोंडा शेवटच्या कात्रणीपर्यंत करा, लोकर वजन करून आणि वेळ घड्याळात बघून. दुसरा नेहमी पहिल्याहून लवकर होतो, म्हणून हिशेबाला तिसऱ्या गोंड्याचा वेळ धरा. सामानाचे पैसे आधी घ्या, पूर्ण. एक गोंडा नमुना म्हणून गावकऱ्यांसमोर टांगा आणि दोघांना जोर लावून ओढायला लावा. पसंत पडला की मग बाकीच्यांची लोकर कापा. मोजून लागतील त्याहून दोन गोंडे जास्त करा आणि ते देवळाच्या पेटीत ठेवायला द्या, त्याच लोकरीचा थोडा धागा सोबत. शिमगा तोंडावर आला असताना ‘ताई, दोन गोंडे होये’ असा निरोप आला तर तेव्हा बाजारात तो रंग मिळत नाही.